वाटेवरची पंगत

शिदोरी बांधणें हा आपल्या घरांतील प्रवासाचा पहिला विधि होय. प्रवास मुंबईपर्यंतचा असो वा काशीपर्यंतचा, निघण्याच्या आदल्या रात्रीं दुधांत भिजविलेल्या कणकेच्या दशम्या भाजल्या जात, शेंगदाण्यांची चटणी कुटली जाई, आणि मेतकूट, लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या ह्यांच्या पुरचुंड्या पितळी डब्यांत बसत. पाण्यांत मळलेली पोळी सोडून दुधांत मळलेली दशमीच कां घ्यावयाची, असें लहानपणीं विचारलें म्हणजे उत्तर मिळे कीं, दशमी खरकटी होत नाहीं. ती अधिक टिकते हें दुसरें कारण, आणि तें खरेंही आहे. परंतु वडील माणसांच्या मनांत पहिल्या कारणाचें वजन अधिक असे. वाटेंत कोणाचा स्पर्श होईल, कोणाच्या हातचें पाणी प्यावें लागेल, ही धास्ती त्या पुरचुंडींत बांधलेली असे. आरोग्याचा विचार व जातीचा विचार हे दोन्ही एकाच फडक्यांत इतके घट्ट बांधलेले असत कीं, एक कोठें संपतो आणि दुसरा कोठें सुरू होतो, हें बांधणारासही सांगतां आलें नसतें.

गेल्या जानेवारींत आम्हीं सहकुटुंब पुण्याहून अमृतसरपर्यंतचा प्रवास मोटारीनें केला. त्या प्रवासांत हीं गांठोडीं रस्त्यानें कसकशीं सोडविलीं आहेत, आणि कोणत्या गांठी अद्याप बसलेल्याच आहेत, हें जवळून पाहावयास मिळालें. तें वाचकांपुढें मांडावें एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे.

मंडळी नऊ होतों: थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, दोन्हीं घरचीं मिळून चार मुलें, आणि आत्याबाई. आत्याबाईंचें वय ८१; देवघराचें सोवळें अद्याप त्यांच्याच हातीं आहे. मार्ग म्हणजे पूर्वींचा आग्रा रोड. पुण्याहून नाशिक, धुळें, सातपुडा ओलांडून इंदूर. तेथून गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर. चंबळ उतरून आग्रा व दिल्ली. आणि पुढें जुन्या बादशाही सडकेनें पानिपत, अंबाला, लुधियाना, जालंधर, अमृतसर. सुमारें १,९०० किलोमीटरांचें हें अंतर आम्हीं नऊ दिवसांत सावकाश कापलें. नियम एकच ठेविला होता. जो मुलूख जें खातो तें तेथें, रस्त्याकडेच्या साध्या दुकानांत बसून खावयाचें. मात्र शाकाहार सोडावयाचा नाहीं. आत्याबाईंना हा नियम लागू नव्हता. त्यांचा दशम्यांचा डबा पुढच्या आसनाखालीं होता.

पूर्वीं वाटसरू काय खात

रस्त्यावर परक्याच्या हातचें जेवण विकत घेऊन खाणें ही आपल्याकडील फार जुनी चाल नव्हे. श्रीमंतांबरोबर त्यांचे आचारी असत; गरिबांजवळ पीठमीठ असे, आणि नदीकांठीं तीन दगडांची चूल मांडून ते आपली भाकरी भाजीत. शेरशहानें (१५४०–१५४५) बंगालपासून सिंधु नदीपर्यंतचा राजमार्ग नीट करून त्यावर सराया उभारल्या. त्याचा चरित्रकार अब्बासखान सरवानी ह्यानें असें नमूद केलें आहे कीं, प्रत्येक सराईंत हिंदूंची व मुसलमानांची राहण्याची सोय निराळी असे, आणि हिंदु प्रवाशांस पाणी, बिछाना व अन्न देण्यासाठीं ब्राह्मण नेमलेले असत. म्हणजे राजानें वाट सर्वांची एक केली, तरी पाणवठा व पंगत एक करणें त्यासही साधलें नाहीं. अहिल्याबाई होळकरांनीं (राज्यकाल १७६७–१७९५) देशभर विहिरी, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रें ह्यांची सोय केली. त्या पुण्याईवर किती यात्रेकरू जगले ह्याची गणती नाहीं.

पुढें आगगाडी आली. एकाच डब्यांत सगळ्या जातींस खांद्यास खांदा लावून बसणें भाग पडलें. परंतु स्टेशनावर ‘हिंदु पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ ह्यांच्या घागरी निराळ्या राहिल्या. शहरांतून ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशा पाट्या झळकूं लागल्या. बाहेर जेवण्याचा विटाळ अशा रीतीनें कमी झाला खरा, पण तो पाटी लावून कमी झाला.

ही पाटी कायद्यानें उतरविली. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमानें दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें ह्यांत प्रवेश करण्यास धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्यांच्या नांवाखालीं आडकाठी करण्याची मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी अधिनियमानें आणखी एक पाऊल टाकलें. उपाहारगृह, धर्मशाळा किंवा सराई ह्यांत सार्वजनिक उपयोगासाठीं ठेविलेलीं भांडीं वापरूं न देणें हाही त्यानें शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला. कायदे करणारांनीं भांड्यांचा उल्लेख मुद्दाम केला, ह्यावरून आपल्या समाजाचें मर्म त्यांना किती अचूक ठाऊक होतें हें दिसून येतें. दार उघडें ठेवून पेला निराळा ठेवण्याची युक्ति आपल्या लोकांस सहज सुचली असती, आणि कित्येक ठिकाणीं ती सुचलीही.

खानदेश व माळवा

नाशिकची मिसळ आपणांस परकी नव्हे. काळ्या मसाल्याची तर्री, मोड आलेली मटकी, वर शेव, बाजूस दहीं व पापड. थंडीच्या सकाळीं तिच्यापुढें मुलांनीं घरच्या उपम्याचें नांवही काढलें नाहीं. चव खरी पालटली ती धुळ्याकडे वळल्यावर. रस्त्याच्या कडेस पत्र्याच्या छपराखालीं एक बाई चुलीवर कळण्याची भाकरी थापीत होती. ज्वारी व सालासकट उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी काळसर, जरा चिवट व फार खमंग असते. तिच्याबरोबर भरीत होतें. खानदेशचीं हिरवीं मोठीं वांगीं काड्यांच्या जाळावर भाजून, लांकडी भांड्यांत ठेचून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व पातीचा कांदा घालून तें करतात. जळगांवच्या ह्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. तें पुण्याच्या मंडईंत क्वचित् दिसतें, आणि दिसलें तरी काड्यांचा जाळ कोठून आणावयाचा?

आत्याबाई मोटारींतच दशमी सोडून बसल्या होत्या. ती बाई भाकरीचे हात पुसून त्यांच्यापाशीं गेली आणि म्हणाली, “आजी, तुम्हीं कां नाहीं उतरला?” आत्याबाई म्हणाल्या, “माझें आहे बरोबर.” बाईनें एक क्षणभर डब्याकडे पाहिलें, आंत गेली, आणि दोन पेरू घेऊन आली. “हे घ्या, फळाला कांहीं होत नाहीं,” असें म्हणून तिनें ते खिडकींतून त्यांच्या पदरांत टाकले. तिच्या बोलण्यांत राग नव्हता, तक्रार नव्हती. आपल्या हातच्या भाकरीला काय होतें आणि फळाला काय होत नाहीं, हें तिला कोणीं शिकवावें लागलें नव्हतें. जे नियम आपण आपल्या घरचे म्हणून पाळतों, ते ज्यांच्याविरुद्ध पाळले जातात त्यांनाही तितकेच तोंडपाठ असतात, हें त्या दोन पेरूंनीं आम्हांस दाखविलें. पुढचे वीस किलोमीटर मोटारींत फारसें कोणी बोललें नाहीं.

बिजासनचा घाट चढून, सेंधव्यावरून आपण निमाडांत उतरतों, आणि खलघाटाशीं नर्मदा ओलांडली कीं माळव्याची चढण लागते. वाटेंत धामणोदपासून महेश्वर जवळच आहे. अहिल्याबाईंचा घाट पाहण्यासाठीं वांकडी वाट करावी, ती कोणासही जड वाटणार नाहीं. इंदूरची सकाळ पोह्यांची. येथले पोहे आपल्यासारखे कढईंत परतून वाढीत नाहींत. फोडणी देऊन ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेंत ठेवतात, त्यामुळें दुपारपर्यंत ते मऊ राहतात. बडीशेपेचा वास, वरून शेव व जीरावन नांवाचा आंबटतिखट मसाला, आणि शेजारीं गरम जिलबी. मराठ्यांच्या फौजांबरोबर पोहे माळव्यांत आले असें तेथील लोक सांगतात. आले असले तर त्यांनीं सासरचें वळण पुरतें उचललें आहे. रात्रीं सराफ्यांत सोन्याचांदीचीं दुकानें मिटलीं म्हणजे त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचा बाजार भरतो. थंडीच्या दिवसांत तेथें गराडू मिळतो. हा कंद तळून, जीरावन व लिंबू लावून देतात.

माळव्याचें खरें जेवण म्हणजे दाल-बाफले. जाडसर कणकेचे गोळे आधीं पाण्यांत उकडतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, आणि फोडून तुपांत बुडवितात. राजस्थानची बाटी उकडीत नाहींत. बाफला उकडल्यामुळें आंतून हलका होतो. तूप पाहून आत्याबाईंचें मन वळूं लागलें होतें. त्यांनीं बाफला हातांत घेतलाही. इतक्यांत वाढणारानें कौतुकानें कृति सांगितली, आणि “आधीं पाण्यांत” हे शब्द कानीं पडतांच तो त्यांनीं हळूच धाकट्या नातवाच्या पानांत सरकविला.

गुण्यापलीकडचा मुलगा

इंदूर ते ग्वाल्हेर हा पांचशें किलोमीटरांच्या आसपासचा टापू म्हणजे खऱ्या अर्थानें ट्रकवाल्यांचा रस्ता. येथें धाब्याची रचना ठरलेली असते. बाजा मांडलेल्या, बाजेवर आडवी फळी, फळीवर थाळी. एका बाजूस पाण्याची टांकी, तिच्याखालीं ड्रायव्हर आंघोळ उरकतो. मोबाइलचे यंत्र चार्ज करण्यासाठीं तारांचें जाळें. आणि समोर तंदूर. डाळ, शेव-टमाट्याची भाजी, कच्चा कांदा, हिरवी मिरची. पदार्थ दहाच असतात, पण ते दिवसभर चुलीवर असल्यामुळें नेहमीं ताजे असतात.

गुण्याच्या पुढें अशाच एका ठिकाणीं आमच्या थाळ्या उचलावयास जो मुलगा आला तो दहा वर्षांहून मोठा नसावा. वहिनी शिक्षिका आहेत. त्यांनीं त्याला सातचा पाढा विचारला. तो चारापर्यंत येऊन थांबला. तिसरीनंतर शाळा सोडल्याचें त्यानें सांगितलें. मालकानें गल्ल्यावरूनच खुलासा केला कीं, मुलगा पुतण्या आहे, सुट्टीस आला आहे. जानेवारीच्या मध्यास कोणती सुट्टी, हें विचारावयाचें वहिनींनीं टाळलें. बाहेर येऊन त्यांनीं १०९८ ह्या बालकांसाठींच्या दूरध्वनीवर ठिकाण व रस्त्याचा मैलदगड कळविला.

ह्या गोष्टीचा उल्लेख करण्यास एक कारण आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्यास आणि धाबे, उपाहारगृहें, हॉटेलें ह्यांत कामास लावण्यास सरकारनें एकाच अधिसूचनेनें बंदी केली. २०१६ च्या दुरुस्तीनें ती सर्वच धंद्यांस लागू झाली. ‘घर’ आणि ‘धाबा’ हे दोन शब्द त्या अधिसूचनेंत शेजारीं शेजारीं बसले आहेत. धाब्यावरचा मुलगा पाहून हळहळणारांनीं आपल्या इमारतींत तान्ह्या मुलास खेळविणारी बारा वर्षांची मुलगी कोण, हेंही पाहावें. मालकाचें उत्तर दोन्हीं ठिकाणीं बहुधा एकच असतें: नात्यांतली आहे, राहावयास आली आहे.

कच्ची रसोई व पक्की रसोई

ग्वाल्हेरनंतर मुरैन्यास तीळगुळाची गजक, मग चंबळेचे ओबडधोबड खोरे, धोलपूर आणि आग्रा. आग्र्याची न्याहारी म्हणजे बेढई: उडदाच्या डाळीचें वाटण भरलेली फुगीर पुरी, तिच्यावर तिखट बटाट्याचा रस्सा, शेजारीं दहीं व जिलबी. येथें एक चमत्कार घडला. आत्याबाईंनीं विचारलें, “हें तुपांत तळलेलें आहे ना?” दुकानदारानें होकार दिला, आणि त्यांनीं प्रवासांतील पहिलें विकत घेतलेलें अन्न स्वस्थपणें खाल्लें. एक नव्हे, दोन बेढया. पेठा म्हणजे आपला कोहळाच, चुन्याच्या निवळींत ठेवून साखरेच्या पाकांत शिजविलेला, हें कळल्यावर त्यांनीं तोही डब्यांत भरून घेतला.

तेथें आम्हांस एक गोष्ट उमगली. उत्तरेंत अन्नाचे दोन वर्ग मानीत आले आहेत. पाण्यांत शिजलेलें तें कच्चें: डाळ, भात, रोटी. तुपांत तळलेलें तें पक्कें: पुरी, कचोरी, मिठाई. कच्चें अन्न फक्त आपल्या किंवा आपल्याहून वरच्या मानलेल्या जातीच्या हातचें घ्यावें. पक्कें मात्र हलवायाकडून कोणीही घ्यावें, असा दंडक होता. आपल्याकडील दशमी व पोळी ह्यांतील भेद ह्याच कुळांतला. आतां उत्तरेंतील जुन्या बाजारपेठांतून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी पाहा: पुरी, कचोरी, बेढई, जिलबी, समोसा, पेढा. सारे पक्क्या वर्गांतले! हलवायाच्या कढईंत जें उकळतें त्यांत रुचीचा भाग मोठा आहे, पण जातिधर्माचा भाग लहान नाहीं. रस्त्यावर काय विकलें जावें हें पिढ्यानपिढ्या सोवळ्यानें ठरविलें होतें.

म्हणून साधी डाळ-रोटी ज्या दिवशीं रस्त्यावर उघडपणें विकली जाऊं लागली आणि सर्व जातींचे लोक ती खाऊं लागले, तो दिवस मोठाच म्हटला पाहिजे. त्या क्रांतीचा साक्षीदार पाहावयाचा तर दिल्लीच्या पुढें जावयास हवें.

मुरथल व पानिपत

१९४७ च्या फाळणींत पश्चिम पंजाबांतून लक्षावधि हिंदु व शीख निर्वासित दिल्लीकडे आले. घरें, जमिनी, दुकानें गेलीं. हातीं राहिलें तें कसब. पंजाबच्या खेड्यांतून ‘सांझा चूल्हा’ म्हणजे सामाईक तंदूर असे. गल्लींतील बायका आपापली कणीक घेऊन येत आणि एकाच भट्टींत रोट्या लावून नेत. ही भट्टी निर्वासितांनीं दिल्लीच्या रस्त्यावर आणली, ट्रक हांकणाऱ्या पंजाब्यांनीं तिची चव देशभर पसरविली, आणि आज कन्याकुमारीच्या वाटेवरही तंदुरी रोटी मिळते. ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांनीं ‘कच्ची रसोई’ विकावयास काढली, आणि भुकेल्यांनीं जात न विचारतां ती खाल्ली. कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानानें जें इतक्या लवकर साधलें नसतें, तें एका भट्टीनें साधलें.

दिल्लीपासून सुमारें ५० किलोमीटरांवर सोनीपत जिल्ह्यांत मुरथल हें गांव आहे. पूर्वीं येथें ट्रकवाल्यांचे चार धाबे असत. आज शेंकडों मोटारी उभ्या राहतील अशीं विस्तीर्ण भोजनगृहें झालीं आहेत, आणि त्यांतील बहुतेक शाकाहारी आहेत हें आमच्या वाचकांस विशेष. बटाटा, कांदा, मुळा किंवा फुलकोबी भरून तंदुरांत भाजलेला पराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. आम्ही पोंचलों तेव्हां सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी धुकें इतकें दाट होतें कीं समोरचा खांब दिसूं नये. आमच्या लांब बाकावर एका टोंकास एक सरदारजी ड्रायव्हर, मधें आम्ही, दुसऱ्या टोंकास अंगावर घोंगडी घेतलेलें एक शेतकरी कुटुंब. लोणच्याची बरणी एक, पाण्याचा जग एक. आत्याबाईंनीं दूध घेतलें.

मुरथलपासून पानिपत सुमारें ४० किलोमीटर. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीनें बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तोडला. त्यापुढील अडीच महिने ह्याच मुलखांत आपली फौज कोंडली गेली. रसद पोंचविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. त्यानंतर छावणींत धान्य मिळेनासें झालें. लढणाऱ्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू व बायकामुलें ह्यांचा मोठा जमाव होता. उपाशी मरण्यापेक्षां लढून मरूं, अशा निर्धारानें १४ जानेवारी १७६१ रोजीं सैन्य बाहेर पडलें. काला आंब येथील स्मारकापाशीं ही हकीकत ऐकतांना धाकट्यानें विचारलें, “तेव्हां ह्या रस्त्यावर कोणी जेवूं घालीत नव्हतें का?” तासाभरापूर्वींच त्यानें अर्धा पराठा टाकला होता. थोरल्या बंधूंनीं उत्तर दिलें नाहीं. परंतु त्या दिवसापासून पानांत कोणी कांहीं टाकलें नाहीं.

अमृतसरचा लंगर

मराठींत आपण ज्याला पंगत म्हणतों, त्याला पंजाबींतही ‘पंगत’च म्हणतात. फरक इतकाच कीं, आपली पंगत पूर्वीं जातवार बसे आणि त्यांची ती मोडण्यासाठींच बसली. गुरु नानकांनीं (१४६९–१५३९) लंगराची प्रथा घातली. दुसरे गुरु अंगद ह्यांच्या पत्नी माता खीवी ह्यांनीं ती सांभाळली. तिसरे गुरु अमरदास ह्यांनीं आधीं पंगत व मग भेट असा नियमच केला. सुवर्णमंदिराच्या लंगरांत रोज पन्नास हजारांहून अधिक माणसें जेवतात. डाळ, रोटी, भाजी, खीर. सारें शाकाहारी, म्हणजे कोणासही बसण्यास अडचण पडूं नये. रोटी ताटांत पडत नाहीं; दोन्ही हात पुढें करून ती घ्यावी लागते. राव असो वा रंक, भूक लागलेल्यानें हात पसरावयाचाच.

शेजारच्या मोठ्या दालनांत स्त्रिया ओळीनें बसून रोट्या लाटीत होत्या. कोणीही जावें, बसावें, लाटावें. आत्याबाई कांहीं न बोलतां त्या ओळींत जाऊन बसल्या. साठ वर्षांचा हात. पहिल्या दहा मिनिटांत शेजारणी त्यांच्या रोटीचा गोलपणा एकमेकींस दाखवूं लागल्या. तासभर त्या लाटीत होत्या. त्यांच्या हातची रोटी कोण खाणार आहे हें त्यांनीं विचारलें नाहीं, आणि त्या कोण आहेत हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं. मग उठून आमच्याबरोबर त्या पंगतींत बसल्या आणि डाळ-रोटी जेवल्या. पाण्यांत शिजलेली डाळ व पाण्यांत मळलेली रोटी! बाहेर आल्यावर भीतभीतच विचारलें, तर म्हणाल्या, “डाळ पातळ होती; पण शिजली चांगली होती.” ह्याहून अधिक भाष्य त्यांनीं केलें नाहीं, आणि आम्हीं मागितलें नाहीं.

मराठी माणसानें येथें परकें वाटून घेण्याचें कारण नाहीं. गुरुग्रंथसाहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान आहे. २०१५ सालचें मराठी साहित्य संमेलन तेथेंच भरलें होतें.

प्रवाशांस चार सूचना

आमच्या अनुभवावरून गृहिणींस उपयोगी पडतील अशा गोष्टी थोडक्यांत सांगतों. जेथें ट्रक अधिक उभे असतात तेथें अन्न लवकर खपतें, म्हणून तें शिळें राहत नाहीं. डोळ्यांसमोर भट्टींतून किंवा कढईंतून निघालेलें खावें. कापून ठेविलेलीं फळें, उघडी चटणी व बर्फ टाळावा. पाणी आपलें बाळगावें, पण चहा कोठेंही घेण्यास हरकत नाहीं, कारण तो उकळलेला असतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें भोजनगृहास नोंदणी किंवा परवाना लागतो, व त्याचा क्रमांक दिसेल असा लावावा लागतो, तो पाहावा. स्त्रियांची सोय ही ह्या रस्त्यावरची सर्वांत मोठी अडचण आहे. पेट्रोलपंप व मोठीं भोजनगृहें येथें ती बरी असते, लहान धाब्यांवर बहुधा नसतेच. म्हणून जेवणाची जागा पुरुषांनीं चवीवरून ठरवूं नये. आधीं वहिनींस उतरून पाहूं द्यावें.

अन्न कसें आहे, कशांत शिजविलें आहे, शाकाहारी आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा जेवणारास पूर्ण अधिकार आहे. कोणाच्या हातचें आहे, हा प्रश्न निराळा. जुलै २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत कांवड यात्रेच्या वाटेवरील दुकानदारांनीं मालकाचें नांव पाटीवर लावावें असे आदेश निघाले, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें २२ जुलै रोजीं अंतरिम हुकुमानें हीच रेषा ओढली: पदार्थ कोणता तें लिहावयास सांगतां येईल, मालक व नोकर ह्यांचीं नांवें लिहिण्याची सक्ति करतां येणार नाहीं. जुनी ‘ब्राह्मणांची खानावळ’ ही पाटी उतरली, पण ती पुन्हा निराळ्या अक्षरांत वर चढूं पाहते, हें लक्षांत ठेवावयास हवें.

आतां शेवटची गोष्ट. १९५५ च्या कायद्याचा हात धाब्यावरच्या पेल्यापर्यंत पोंचला. जो ट्रक-ड्रायव्हर ज्या पेल्यानें पाणी प्याला, तोच विसळून आमच्यापुढें आला, आणि त्यांत कोणास कांहीं वाटलें नाहीं. परंतु घराच्या उंबऱ्याआंत तो कायदा येत नाहीं. कित्येक सुशिक्षित घरांतून, जेथें मुलें परदेशीं शिकावयास जातात आणि सुटीच्या दिवशीं सारें कुटुंब आवडीनें बाहेर जेवतें, तेथें धुणेंभांडीं करणाऱ्या बाईचा चहाचा कप अजून खिडकींत निराळा उपडा घातलेला असतो. ती ज्या हातांनीं आपलीं सर्व ताटें घासते, त्याच हातांनीं आपला कप घासून तेथें ठेवते. कारण विचारलें तर ‘स्वच्छता’ हें उत्तर मिळतें. म्हणजे आरोग्य व जात ह्यांचें तेंच जुनें गांठोडें. रस्त्यानें तें पाऊणशें वर्षांत बव्हंशीं सोडविलें. त्यासाठीं त्याला राज्यघटना लागली, फाळणीचें दुःख सोसलेलीं माणसें लागलीं, अनेकांचा अपमान खर्ची पडला. घरांतील गांठ सोडविण्यास ह्यांतलें कांहींच लागत नाहीं. तो कप उचलून इतर कपांच्या ओळींत ठेवावयाचा आहे, आणि चहा झाल्यावर त्यांतून एक कप तिला व एक आपणांस घ्यावयाचा आहे. पुढच्या प्रवासाची शिदोरी बांधण्यापूर्वीं एवढें काम आपल्या स्वयंपाकघरांत उरकून घ्यावें, हेंच आमचें वाचकांस व विशेषतः वाचक भगिनींस सांगणें आहे.